कुंडीखालची किल्ली

बी.एड.च्या सरावाला आलेल्या चेतना मॅडमनी वर्गाचा ब्लॉग काढला. त्यावर माझ्या शर्मिष्ठाचा निबंध टाकला: आमचं घर तात्यापारा मोहल्ल्यात आहे, पप्पा उरल्याच्या कारखान्यात ड्युटीवर जातात, मम्मी बाजारात गेली की किल्ली तुळशीच्या कुंडीखाली असते. वाचून माझं डोकंच फिरलं. मी तडक शाळा गाठली.

मॅडम म्हणाल्या, “दीदी, किती छान लिहिलं पोट्टीनं! साऱ्या दुनियेनं वाचलं पाहिजे.”

“त्याचीच तर भीती आहे! ब्लॉगवर तुमच्या स्वतःच्या परिचयात फक्त नाव अन् आवडता रंग. तुमची किल्ली कुठं असते, ते काहून नाही लिहिलं?”

मॅडमनी तिथंच ब्लॉगवरचा निबंध पुसला.

घरी शर्मिष्ठा निबंध पुसला म्हणून रडून राहिली होती. “अब मैं कुछ नहीं लिखूँगी!”

पुसायला मीच लावलं होतं, तरी मॅडमचाच मला नव्यानं राग आला.