ताईच्या बागेतल्या सावल्या

आमच्या फोटो स्टुडिओतले सगळे पडदे ताईनं रंगवलेले. नवा पडदा करायचा झाला की ती आधी मला स्टुलावर बसवायची, दिवा लावायची आणि माझ्या नाकाची सावली कुठे पडते ते बघायची. "एवढं मोठं नाक फुकट नाही मिळालेलं, ठोंब्या. हलू नकोस." दिवा डावीकडे, सावली उजवीकडे. मग पडद्यावरची झाडं, कारंजं, कबुतरं, सगळ्यांच्या सावल्या निमूट उजवीकडे. फोटो बिघडला आणि मी पडद्याला नावं ठेवली की म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

तिच्या शेवटच्या पडद्यावर मात्र सगळ्या सावल्या डावीकडे पडल्यात, लांबच लांब. बाग इतकी सुंदर, की पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलला की पायवाटेवरून आत्ताच कोणीतरी वळून गेलं असं वाटतं. पण त्यासमोर गिऱ्हाईक बसलं की फोटोत चिकटवल्यासारखं दिसतं. लोक फोटो परत करू लागले.

"चुकलं असेल रे तिचं," आई म्हणाली. "अंगात ताप असायचा."

मला राग आला. ताईचं चुकेल? पण धंदा म्हटल्यावर शेवटी मीच पाट्या रंगवणाऱ्याला बोलावलं. संध्याकाळी येऊन तो तिच्या सावल्या झाकणार आणि नव्या काढणार होता. तिचा हात जिथे शेवटचा फिरला, तिथे आता दुसऱ्याचा हात फिरणार. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुपारी पडद्याकडे तोंड करून स्टुलावर बसलो. डोळा लागला की नाही, सांगता येणार नाही. बागेत ऊन होतं आणि ते माझ्या उजव्या गालाला लागत होतं. येतंय कुठून म्हणून वळून पाहिलं.

तिथे रिकामी भिंत होती. वरच्या घराचा जिना चढवेना म्हणून शेवटचे महिने ताईची खाट त्या भिंतीशी होती. निजल्यानिजल्याच, काठीला ब्रश बांधून ती रंगवायची. खाट काढल्यापासून त्या जागी मी साधी खुर्चीसुद्धा ठेवलेली नाही.

ती चुकली नव्हती. या वेळी तिनं माझं नाक पाहिलंच नव्हतं. सगळ्या बागेवर उजेड पडला होता तो तिच्या उशीकडून.

मी रडलो, पोटभर रडलो. मग दिवा उचलला, त्या जागी नेऊन ठेवला आणि तिच्या उशीइतका खाली केला.

रंगारी डबे घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, "काम राहू द्या. बसा, तुमचा फोटो काढतो."

तो कुरकुरतच बसला. त्याची सावली झाडांच्या सावल्यांशेजारी जाऊन पडली, जणू तो त्याच बागेत राहत होता.

"कुठं बघू?" त्यानं विचारलं.

"ताईकडे," मी बोलून गेलो.

त्यानं तिला कधीच पाहिलेलं नव्हतं. तरी हातानं केस सारखे करून तो दिव्याकडे वळला आणि ओळखीचं हसला.