राजाच्या कबरीतले सिमेंट

"गवत उपट बाई, पण फट बुजवू नकोस. पाण्याला वाट राहू दे."

खालच्या गावातल्या हद्दाच्या सासूचे हे शब्द मला अजून ऐकू येतात. मित्रांनो, मी औरेसच्या डोंगरातली, एका अमाझिग, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, राजाची कबर आहे. राजाचे नाव आता मलाही आठवत नाही. माझे दगड शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांना आवळलेले होते. ते शिसे चोरांनी उपटून नेले. तरी फटींतून शिरलेले पाणी फटींतूनच निघून जाई, म्हणून मी दोन हजार वर्षे उभी राहिले.

दर वसंतात बायका मला चुना देत, पायथ्याशी मेणबत्ती लावत. सासू गेली तेव्हा हद्दाने तो नेम घेतला. गेल्या वर्षीच्या वसंतात तिच्या घराच्या बांधकामातले सिमेंट उरले होते. बिस्मिल्ला म्हणून तिने ते माझ्या उत्तरेकडच्या फटींत भरले.

"वहिनी, राजानं गळतीची तक्रार केली की काय?" नणंद अल्जिया हसली.

"हस तू. बर्फात झोपून बघ एकदा."

वरून चुना बसला, सिमेंट झाकले गेले. पाणी मात्र आत कोंडले. थंडीत ते गोठले, फुगले आणि माझे तीन दगड फुटले. सरकारी माणसे आली. पांढऱ्या चुन्यावर हात फिरवून "वय झालं हिचं" म्हणाली आणि गेली. हद्दा बाजूलाच उभी होती. ती बोलली नाही. मला तर तोंडच नाही! आता माझा उत्तरेचा खांदा पुढे झुकला आहे. मित्रांनो, आणखी एक हिवाळा मला सोसणार नाही. माझ्यावर माया करा, पण हात लावण्याआधी जाणत्याला विचारा. आणि चुकलात तर लवकर सांगा, माझ्यापाशी वेळ नाही!

आज सकाळच्या नमाजानंतर हद्दा आली, मागोमाग अल्जियाही. फुटलेल्या दगडात तिचा अख्खा पंजा गेला.

"माझ्याच हातानं मारलं गं हिला."

"हळू बोल! तुरुंगात टाकतील."

"टाकू देत. हिला राखीन म्हणून सासूबाईंना शब्द दिलाय मी."

"बरं, उद्या जाऊन सांग त्या सरकारी माणसांना. भाकरी तरी भाजून देते."

हद्दाने डोंगरमाथ्यावरच्या ढगांकडे पाहिले. "बर्फ उद्यापर्यंत वाट बघेल का गं?"

तिने फटीतला सिमेंटचा एक तुकडा खरवडून काढला, शालीच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि शहराच्या बसकडे उतार उतरू लागली.