कालच्या तारखेची जुनी फाइल

"जागा शिल्लक नाही," एवढंच पडद्यावर आलं आणि त्याखाली एकच बटण: "ठीक आहे". ठीक कसलं डोंबलाचं! साडेअकरा वाजून गेले होते, छापखान्याला चारच्या आत एकशे ऐंशी फोटो पाठवायचे होते, आणि डिस्क इतकी गच्च भरलेली की कॉम्प्युटर पहिला फोटोसुद्धा बाहेर काढायला तयार नव्हता.

सून स्टुडिओत एकटीच होती. नवरा सासऱ्यांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेला होता. म्हातारबुवा वर्षभर दवाखाना टाळत होते. आज मात्र सकाळी आपणहून चपला घालून दारात उभे. "पुस्तक जातंय ना आज? मग चला, दाखवून टाकू डोळे." पुस्तकाचा आणि डोळ्यांचा संबंध काय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

सासऱ्यांना गावात सगळे मास्तर म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी या खोलीतल्या राखाडी पडद्यासमोर माणसं बसवली होती. बेकरीवाली, पोस्टमन, जुळ्या बहिणी, निवृत्त झालेल्या दिवशी टोपी काढायला तयार नसलेला स्टेशनमास्तर. त्यातलेच निवडक फोटो घेऊन वाचनालय पुस्तक काढत होतं. निवड मास्तरांची, उजेड मास्तरांचा, फोटोंखालच्या ओळीही मास्तरांच्याच. अडीच वर्षं रोज दुपारी ते याच खुर्चीत, कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बसत. "डोळे आहेत तोवर उरकतो," म्हणत आणि हसत. सून चहा घेऊन आली की हाताने पडदा झाकायचे. "झाल्यावर बघ. अर्धवट कामात नाक खुपसायचं नाही."

आणि कॉम्प्युटरशी त्यांचं वागणं विचारू नका! त्याने काहीही विचारलं की मास्तर "नाही" दाबून मोकळे. नवीन आवृत्ती हवी? नाही. राखीव प्रत करून ठेवू? नाही. "विचारतोय म्हणजे त्याला आपल्याकडून काहीतरी हवंय," असं त्यांचं पक्कं मत. सून यावर हसून हसून लोटपोट व्हायची. आज तिला हसू येणार नव्हतं, पण ते तिला अजून माहीत नव्हतं.

तिने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"फोटोंच्या सॉफ्टवेअरचं फोल्डर उघड," तो पलीकडून म्हणाला. तो तोंडात काहीतरी चघळत होता. "कॅटलॉग किती आहेत?"

"आठ."

"तेच म्हटलं! प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर नवीन झालं की ते कॅटलॉगची नवीन प्रत करतं आणि जुनी तशीच ठेवतं. वर प्रत्येकीसोबत फोटोंच्या छोट्या चित्रांचा ढीग. नवीन एक ठेव, बाकीचं उडव. सगळं नवीनमध्ये आलेलं असतं."

"मूळ फोटोंना धक्का लागणार नाही ना?"

"अगं, फोटो वेगळे आणि त्यांच्यावरच्या कामाची नोंद, म्हणजे कॅटलॉग, वेगळा. शिंप्याकडे कापड कपाटात असतं आणि मापं वहीत, तसं. जुन्या वह्या फेकल्या तर कापडाला काय होतंय?"

तो चुकीचं काही बोलला नव्हता. फक्त एक गोष्ट त्याने सांगितली नाही आणि घाईत तिने विचारली नाही: फेकायच्या आधी वही उघडून बघायची. नाहीतर एरवी ती किती सांभाळून राहणारी बाई! दूध गॅसवर असताना फोनसुद्धा न उचलणारी. पण घड्याळ डोक्यावर बसलं की भल्याभल्यांचं भान सुटतं. तिने फायली नावाने लावल्या. नावात वर्षं होती. सगळ्यात नवीन वर्षाची ठेवली, बाकी सात फायली आणि त्यांचे चित्रांचे ढीग उचलून कचरापेटीत टाकले आणि पेटी रिकामी करायला घेतली. "हे कायमचं जाईल. नक्की?" कॉम्प्युटरने विचारलं. तिने "हो" दाबलं.

हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. लाखो बारीक चित्रं होती, एकेक करून जात होती. तोवर हाताशी वेळ आहे तर पुस्तकाचे फोटो लावून घ्यावेत म्हणून तिने सॉफ्टवेअर उघडलं. डाव्या बाजूला मास्तरांनी केलेला गट होता, "पुस्तक". त्यापुढे आकडा होता.

एकेचाळीस.

तिने डोळे चोळले. एकशे ऐंशी हवेत, एकेचाळीस कसे? गट उघडला. बेकरीवाली होती, पोस्टमन होता. जुळ्या बहिणी नव्हत्या. स्टेशनमास्तर नव्हता. शेवटच्या फोटोवर काम केल्याची तारीख बघितली तर ती दोन वर्षांपूर्वीची, नवऱ्याने नवीन सॉफ्टवेअर टाकलं त्या आठवड्यातली.

तेव्हा तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे जुन्या सॉफ्टवेअरचं एक जुनाट चित्र होतं, त्याखाली नाव "बाबा". नवऱ्याने ते काढू का विचारलं होतं तेव्हा मास्तर काय म्हणाले असतील? नाही! नवीन आवृत्तीत यायचं का, असं सॉफ्टवेअरने विचारलं असेल तेव्हा? नाही! म्हणजे दोन वर्षं रोज दुपारी ते जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये, जुन्याच कॅटलॉगमध्ये काम करत होते. आणि तो जुना कॅटलॉग आत्ता, या क्षणी, तिच्या समोर, कायमचा जात होता.

राखीव प्रत? प्रत कुठली असायला, रोज संध्याकाळी "नाही"!

तिने पट्टीवरचं "थांबवा" दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बाणाच्या जागी ते गरगर फिरणारं वर्तुळ आलं आणि फिरतच राहिलं. पट्टी मात्र सरकत होती. बासष्ट टक्के. त्रेसष्ट. "थांब ना रे मेल्या!" ती किंचाळली. हात आपोआप टेबलाखाली, वायरकडे गेला. एक हिसका दिला की बंद. पण चालत्या डिस्कची वायर ओढली तर डिस्कच हातची जायची, चाळीस वर्षांच्या फोटोंसकट. तिने तो हात ओढून मांडीखाली दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने माउस घट्ट पकडला. मूळ फोटो कपाटातल्या कापडासारखे जागच्या जागी होते. पण मास्तरांचे डोळे परत कुठून आणायचे? दोन वर्षांत त्यांनी जे बघितलं ते फक्त त्या एका फाइलीत होतं.

एकाहत्तर टक्क्यांवर पट्टी थांबली.

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज राहिला. तिने कचरापेटी उघडली. या वेळी फायली तारखेने लावल्या. सातपैकी चार कॅटलॉग गेले होते, तीन उरले होते. सगळ्यात वरच्या ओळीत तारीख होती कालची. वेळ संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं.

"आई गं," ती म्हणाली आणि रडू लागली. रडत रडतच तिने ती फाइल बाहेर काढली, आधी पेनड्राइव्हवर एक प्रत, मग स्वतःच्या लॅपटॉपवर दुसरी. हे सगळं आधी करायचं असतं बाई, ती स्वतःलाच बजावत होती. आधी!

बारीक चित्रं गेल्यामुळे डिस्कवर भरपूर जागा झाली होती. ती चित्रं सॉफ्टवेअर पुन्हा करून घेतं, त्यांचं दुःख नव्हतं. तिने कोपऱ्यातल्या "बाबा"वर दाबलं. जुनं सॉफ्टवेअर खोकत खोकत उघडलं आणि विचारलं, नवीन आवृत्ती घ्यायची का. तिने "नाही" दाबलं. पुस्तक: एकशे ऐंशी. तिचा जीव भांड्यात पडला. घड्याळात एक वाजला होता.

तो भांड्यात पडलेला जीव पाच मिनिटंही तिथे टिकला नाही.

पहिले शंभर फोटो बघून तिला वाटलं, वा! काय हात आहे म्हाताऱ्याचा. प्रत्येक चेहऱ्यावर मोजून मापून ठेवलेला उजेड. एकशे वीसनंतर फोटो जरा फिके वाटू लागले. एकशे पन्नासाव्यात जुळ्या बहिणींचे चेहरे जास्त धुतलेल्या कापडासारखे झाले होते. आणि स्टेशनमास्तर एकशे एकोणऐंशीवा. त्याची टोपी पांढरी, कोट पांढरा, चेहऱ्याच्या जागी दोन डोळे आणि मिशी तेवढी उरलेली.

फाइल बिघडली! अर्धवट पुसताना मध्येच थांबवल्यामुळे बिघडली! मग तिने बाजूची यादी उघडली. कोणत्या फोटोवर कधी काय केलं, ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं. काल, पाच वीस: उजेड वाढवला. पाच बावीस: वाढवला. पाच तेवीस: वाढवला. अकरा वेळा. यंत्राने काही बिघडवलं नव्हतं. मास्तरांनी स्वतःच्या हाताने वाढवला होता.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता.

"मधली नजर गेलीये," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांची. कडेकडेने दिसतं तेवढंच. डॉक्टर म्हणतात, वर्ष तरी झालं असेल. आणि बाबा आपल्याला सांगतात काय, तर चष्म्याचा नंबर वाढलाय!"

"आता परत येईल का काही?"

"नाही."

"बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. डॉक्टरांना विचारलं, किती वाजले. म्हणे चारच्या आत घरी पोचायचंय."

फोन ठेवून ती बसून राहिली. आता काय करायचं? हे असंच पाठवलं तर सगळं गाव बघणार की मास्तरांना दिसत नाही. आपण गुपचूप दुरुस्त केलं तर? ज्यांनी तिला पडद्याकडे बघूही दिलं नाही त्यांच्या कामाला, त्यांच्या पाठीमागे, हात कसा लावायचा? आणि वेळ तर चाललाच होता.

एक फोटो बघायचा राहिला होता. तिने तो उघडला.

तिचाच होता. सात वर्षांपूर्वीचा, ती पहिल्यांदा स्टुडिओत कामाला आली त्या दिवशीचा. दिव्याच्या स्टँडला धरून उभी, केस विस्कटलेले, "आत्ता नको ना बाबा" म्हणत अर्धी हसणारी. हा फोटो काढला होता हेसुद्धा ती विसरली होती. फोटो काळपट होता, काढला तसाच. बाजूच्या यादीत एकही ओळ नव्हती. खाली मात्र मास्तरांनी लिहिलं होतं, चुकत, अक्षरं निसटवत:

"माझी सून. हिचा उजेड मी लावलेला नाही. मला आता दिसत नाई. मागचे साठेक फोटो पण चुकले असणार, हे मला कळतं. तिचा हात बरा आहे. तिने बघावेत."

कालच्या तारखेची ओळ. पाच वाजून चाळीस.

ती हुंदके देऊन रडली. कुणी बघायला नव्हतं, लाजायचं कशाला? सात वर्षं तिला वाटत आलं होतं की म्हातारा आपल्याला मदतनीस म्हणूनच मोजतो. आणि हे तिने आज स्वतःच्या बोटाने पुसून टाकलं असतं! मग तिने तोंड धुतलं, मास्तरांच्या कामाची एक प्रत बाजूला काढून ठेवली आणि एकशे वीसपासून एकेक फोटोचा उजेड खाली आणायला घेतला.

अडीच वाजता दार वाजलं. मास्तर मुलाचा हात झटकून, खुर्च्या चाचपडत आत आले आणि तिच्या शेजारी बसले. पडद्याकडे नाही, भिंतीकडे तोंड करून. डोळ्याच्या तेवढ्या कोपऱ्यातूनच त्यांना थोडं दिसत होतं.

"किती झाले?"

"एकशे त्रेसष्टवर आहे."

"शेवटचा बघितलास?"

"बघितला, बाबा."

मास्तर बोटांनी गुडघा चोळत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "स्टेशनमास्तरच्या टोपीला काळी पट्टी आहे बघ. ती दिसेपर्यंत खाली आण. त्याच्या पुढे जाऊ नकोस."

साडेतीन वाजता फोटो छापखान्याला गेले. तिने सॉफ्टवेअर बंद करायला घेतलं, तसं त्याने रोजच्यासारखं विचारलं: राखीव प्रत करून ठेवू?

"काय विचारतोय गं?"

"प्रत ठेवायची का म्हणून."

"नाही म्हण त्याला," मास्तर म्हणाले.

"गप्प बसा हो बाबा," सून म्हणाली आणि तिने "हो" दाबलं.