क्रमांक नसलेली तुळई

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी तुळई आहे. पेनसिल्व्हेनियातल्या कोल्टर्स फेरी या गावी मोनोंगाहेला नदीवर जो पूल आहे, त्याच्या पोटाशी मी आडवी बसवलेली आहे. तुम्ही सायकली दामटत डोक्यावरून जाता तेव्हा मला हसू येतं, पण तुळईला हसता कुठे येतं? मी नुसती थरथरते.

माझा जन्म भंगारातून झाला. मोडक्या जपानी मोटारी, एक जर्मन धुलाईयंत्र, आगगाडीची झिजलेली चाकं, कुणाच्या अंगणातला गंजका झोपाळा, सगळं एका प्रचंड भट्टीत लोटलं गेलं. वरून माणसाहून उंच काळ्या कांड्या उतरल्या आणि त्यांतून वीज अशी कडाडली की मला वाटलं, आता आभाळ फाटतंय. घटकाभरात जपानी कोण नि जर्मन कोण, काही उरलं नाही. सगळ्यांचा मिळून एकच उजेड झाला. तो उजेड आठवला की आजही माझी मती गुंग होते.

भट्टीचा कारभारी होता एमिल हुडाक. पोलाद शिजलं की नाही हे तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. एका वेळी जेवढं पोलाद निघतं त्याला तिथे घाणा म्हणत, आणि मी होते एमिलचा शेवटचा घाणा. लवकरच तो निवृत्त होणार होता. गावचा जुना पूल चार वर्षं बंद पडलेला. रुग्णवाहिकेला बावीस मैलांचा वळसा पडे, आणि त्या वळशातच एमिलची बायको ऑल्गा वाटेत गेली होती. म्हणून नव्या पुलात आपल्या हातचं पोलाद असावं, एवढी एकच इच्छा त्याने धरली होती.

पूल सरकारी पैशाचा. त्याला नियम असा की पोलाद याच देशात वितळलेलं, याच देशात ओतलेलं हवं, अगदी रंगाचा हातसुद्धा इथलाच. भंगार मात्र कुठलंही चालतं, कारण जन्म मोजायचा तो वितळण्यापासून! केवढा मोठ्या मनाचा नियम, आणि केवढा कडक! पुरावा म्हणून प्रत्येक घाण्याला एक क्रमांक मिळतो. तो दाखल्यावर छापतात आणि तुळईच्या अंगावर ठोकतात.

मला लाटून लांबलचक केलं आणि कापायला पाठवलं लॉइड स्ट्रॉसरकडे. क्रमांक माझ्या एकाच टोकाला होता; म्हणून कापण्याआधी दुसऱ्या अर्ध्या भागावरही तो ठोकायचा, ही तिथली रीत. पण तो दिवस नेमका हरणांच्या शिकारीचा मोसम उघडण्याच्या आदला. त्या दिवशी त्या मुलखात कुणाचं मन कामावर नसतं.

"आटपा रे," लॉइड ओरडला, "हरणं काय माझ्यासाठी रांग लावून उभी राहणारेत?"

त्याने मला कापलं आणि बंदूक घेऊन डोंगरात पळाला. क्रमांक राहिला एका अर्ध्यावर. दुसरा अर्धा भाग, म्हणजे मी, कोरी राहिले.

तपासणीला आली रेनाटा, एमिलचीच मुलगी. तिने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून पाहिलं आणि लाल खडूने फुली मारली.

"अगं, ही काय चंद्रावरून पडलीय का?" लॉइड कावराबावरा झाला. "मीच कापलीय की!"

"शेजारच्या ढिगात एका खाजगी गोदामासाठी आणलेलं परदेशी पोलाद पडलंय, लॉइडकाका. त्यातली नाही कशावरून?"

एमिल धावत आला. "रेनी, मी ओतलंय हे. माझ्या शब्दाला काही किंमत नाही?"

"आहे, बाबा. पण तुमच्या शब्दावर घेतली, तर उद्या कुणाच्याही शब्दावर घ्यावी लागेल."

"तुझ्या आईसाठी केलं होतं गं."

रेनाटाचे डोळे भरले. तरी फुली तिने पुसली नाही.

मित्रांनो, माझ्यावर आभाळ कोसळलं. बापलेक आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी एमिल माझ्याजवळ येऊन बसला. पलीकडे भट्टी धडधडत होती. आसपासच्या भट्ट्या एकेक करून विझल्या, आपली तेवढी याच नियमामुळे पेटती राहिली, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? उसासा टाकून तो उठला आणि त्याने निवृत्ती महिनाभर पुढे ढकलली.

"घाला हिला परत भट्टीत," तो म्हणाला.

पहिल्यांदा वितळले ते पुढे काय होणार हे न कळता. दुसऱ्यांदा सगळं कळत होतं, आणि भीतीने माझा कण न् कण आक्रसला होता. पण कांड्या उतरल्या, तोच उजेड झाला, आणि मी पुन्हा कुणीच नव्हते. एमिलने डोळ्यांपुढची काळी काच काढून लेकीच्या हातात दिली. "बघ," तो म्हणाला, "नुसते दाखलेच बघतेस नेहमी." रेनाटा कितीतरी वेळ बघत राहिली.

या खेपेला क्रमांक दोन्ही टोकांना ठोकला, आणि मी पुलावर चढले.

पहिल्याच हिवाळ्यात, एका हिमाच्या सकाळी, माझ्यावरून रुग्णवाहिका सुसाट गेली. आत एमिल होता, छाती दाबून धरलेला. तीन मिनिटांत तो इस्पितळात पोचला. महिन्याने लेकीचा हात धरून तो चालत पुलावर आला आणि बरोबर माझ्या डोक्यावर थांबला.

"पोचलो गं, रेनी," एवढंच म्हणाला.

एमिलला जाऊन आता बरीच वर्षं झाली. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते झिरपून माझं अंग खातं. पूर्वी वसंतात मला पाण्याने धूत असत. गेली तीन वर्षं कुणी फिरकलेलं नाही. मित्रांनो, मोठे झालात की तेवढं कराल ना? मला सुंदर दिसायची हौस नाही. अजून कुणाची तरी आई पलीकडे वेळेत पोचायची आहे.