डावा हात

"एजेके, दाबून धरू नका. नुसती टिचकी मारा," नुरझादा म्हणाली. "आणि जरा श्वास घ्या."

"घेतेय गं. चौतीस वर्षं या शाळेत श्वासच घेतेय," झूराकान म्हणाली आणि तिने माउस पुन्हा कणीक तिंबल्यासारखा दाबला. पडद्यावरची पृथ्वी गरकन फिरली आणि नुसता समुद्र उरला.

नुरझादा चोवीस वर्षांची होती. संगणक शिकवायला ती गेल्या शरदात राजधानी बिश्केकहून या डोंगरातल्या गावी आली होती. झूराकान एकोणसाठ वर्षांची, भूगोलाची; सारी शाळा तिला मानाने एजेके, म्हणजे ताई, म्हणे. तिचे पेन्शनचे वय उलटून गेले होते, त्यामुळे दर वसंतात तिचे तास हेडमास्तरांच्या मर्जीवर ठरत. यंदा हेडमास्तर एसेनकानने साफ सांगितले होते, की मंगळवारी जिल्ह्याचे निरीक्षक येणार आणि त्यांच्यासमोर भूगोलाचा खुला तास होणार, तोही इंटरनेटवरचा नकाशा पडद्यावर दाखवून. जमला तर नववीचा भूगोल तिचा, नाही तर नुरझादाचा. भूगोल गेला तर झूराकानने सकाळी उठून कोट कशासाठी घालायचा, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

तिला या साऱ्या थाटाचा मनापासून तिटकारा होता. प्रोजेक्टर वर्षभर हेडमास्तरांच्या खोलीत भरतकामाच्या कापडाखाली झाकलेला असे. साहेब आले की त्याला बाहेरचा उजेड दिसायचा, साहेब गेले की पुन्हा कापड. म्हणे नवे शिक्षण! आणि ते आणणारा कोण, तर एसेनकान. तो तिचाच विद्यार्थी. वर्गातला सर्वांत ढ, म्हणून आज सर्वांत मोठ्या खुर्चीवर.

खुल्या तासाचा एक नियम शाळेत तिच्याही आधीपासून चालत आला होता. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचाच. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. बाई उजव्यांतून एकाला उठवणार, आणि पाहुण्यांना सगळा वर्ग हुशार दिसणार. एसेनकानचा उजवा हात वर गेलेला झूराकानला एकदाही आठवत नव्हता.

सोमवारी रंगीत तालीम झाली. "पॅरिस झालं की पिरॅमिड दाखवा," एसेनकानने फर्मावले.

"आणि आपलं गाव?"

"ते कशाला, एजेके? साहेब इतक्या लांबून काय आपल्या गोवऱ्या बघायला येतायत?"

"बरं बाबा. तुझे पिरॅमिड," झूराकान म्हणाली. तिला मनातून हसू आले. डोंगरातल्या पोरांना वाळू दाखवायची, आणि तिला म्हणायचे प्रगती.

मंगळवारी निरीक्षक आले. आधी हेडमास्तरांच्या खोलीत चहा झाला, लोणी-साय लावून बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, झाले, मग ते मागच्या बाकावर कसेबसे मावले आणि डोळे अर्धे मिटून बसले. झूराकानने टिचकी मारली. पॅरिस आले. पिरॅमिड आले. प्रत्येक प्रश्नाला तेवीस हात छपराकडे गेले. निरीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिले. एसेनकान भिंतीला टेकून गालातल्या गालात हसत होता.

"छान, छान," निरीक्षक म्हणाले. "आता आपलं गाव दाखवा की, एजेके. ही शाळा दिसते का बघू."

हे तालमीत नव्हते. एसेनकानचे हसू विरले. नुरझादाने पटकन पुढे होऊन गावाचे नाव टाकले. शाळेचे पत्रे दिसले, नदी दिसली. झूराकानला धीर आला. नदी म्हणजे तिचे घरच. तिने माउस नदीच्या कडेकडेने वर नेत विचारले, "आपली नदी कुठून निघते? आणि ती हिमनदी किती लांब?"

तेवीस उजवे हात. हे उत्तर गावात पाळण्यातल्या पोरालाही येत होते. तिने साइकालला उठवले.

"आक-मोंगू हिमनदीतून. लांबी सात किलोमीटर," साइकाल म्हणाली आणि बसता बसता पडद्याकडे बघून थांबली. "पण एजेके... कुठंय ती?"

झूराकानने वळून पाहिले. दरीच्या अगदी माथ्याला पांढरा तुकडा होता. त्याखाली दगड, नुसते करडे दगड, आणि त्यांच्या मध्ये एक हिरवट तळे. असे तळे तिच्या नकाशात नव्हते. बावीस वर्षांची असताना ती त्या बर्फावरून सकाळपासून दुपारपर्यंत चालली होती. गुडघे गेल्यापासून, म्हणजे वीस वर्षांत, ती तिकडे फिरकली नव्हती. सात किलोमीटर मात्र दर वर्षी शिकवत होती.

"मोजता येतं," साइकाल म्हणाली. ते तिला नुरझादाने शिकवले होते. ती पुढे आली आणि दोन टिचक्यांत आकडा उमटला. तीन किलोमीटरपेक्षाही कमी.

"मग खरं काय?" निरीक्षकांचे डोळे आता पूर्ण उघडले होते.

"साहेब, नेट खराब आहे!" एसेनकान पुढे सरसावला. "चित्र चुकीचं आलंय. नुरझादाला सांगितलं होतं मी, नीट जोड म्हणून. होय ना, एजेके?"

नुरझादाचा चेहरा उतरला. झूराकानने नुसती मान हलवायची होती. नववीचा भूगोल तिचा झाला असता आणि पोरगी तोंडावर पडली असती. जन्मभर तिने पोपटपंची करणाऱ्यांना नाके मुरडली. एसेनकानला हसली, निरीक्षकांना हसली, या पेटीला हसली. आणि बर्फ वितळून चालला असताना वर्गात उभी राहून सात, सात म्हणत बसली. इतका तिटकारा तिला आजवर कोणाचाच आला नव्हता.

"एजेके, बाकीचं बर्फ कुठं गेलं?" साइकालने विचारले.

झूराकानने हात वर केला.

एसेनकानला पाहताक्षणी कळले. तो पांढराफटक पडला. "एजेके, हात खाली घ्या," तो दातांतून पुटपुटला.

"एजेके," साइकाल हळूच म्हणाली, "तुमचा डावा आहे."

"हो गं. डावाच."

साइकालने क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि आपलाही डावा हात उचलला. मग मागच्या बाकावर एक, खिडकीशी दोन, आणि बघता बघता तेवीसही. कोणी हसत नव्हते. निरीक्षकांनी पेनाच्या टोकाने सगळे हात मोजले, समाधानाने मान डोलावली आणि वहीत लिहिले, "वर्गाचा सहभाग शंभर टक्के. शिक्षिकेचाही." एसेनकानने सुटकेचा निःश्वास टाकला. नववीचा भूगोल झूराकानकडेच राहिला.

तिचा खांदा भरून आला होता. पण साइकाल अजून उत्तराची वाट बघत होती, म्हणून तिने हात खाली घेतला नाही.