माझ्यासाठी ठेवलेलं मडकं

मडकं मी शोधलं होतं. जमिनीतून नव्हे, फोटोतून. पण शोधलं मीच.

लक्सरच्या उत्तरेला, उसाच्या शेतांना लागून, प्राचीन इजिप्तमधल्या गोरगरिबांचं एक दफनस्थळ आहे. तिथं सोनं नाही, रंगवलेल्या भिंती नाहीत, त्यामुळे टीव्हीवाले तिकडे फिरकत नाहीत. तिथल्या उत्खननाचे फोटो मी इकडे अमेरिकेत, फ्रिस्कोच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये बसून लावते, म्हणजे कुठल्या खड्ड्यात काय मिळालं ते लिहून काढते. डिपेंडंट व्हिसावर पगार घेता येत नाही, म्हणून फुकट. गेल्या वर्षी एका फोटोच्या कोपऱ्यात ते दिसलं. आडवं ठेवलेलं मडकं, तोंडाला चिखलाचं लिंपण. खाली लिहिलेलं, ‘फेकलेलं भांडं’.

फेकलेल्या भांड्याचं तोंड कोण लिंपत बसतं? डेक्कन कॉलेजात असताना माझा प्रबंध इनामगावच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या दफनांवर होता. तिथंही तान्ह्या बाळांना मडक्यात घालून घराच्याच जमिनीखाली पुरत. उत्खननाच्या प्रमुख मोनाला मी लिहिलं, यात मूल असणार.

“मग तूच ये आणि उघड,” तिचं उत्तर आलं. तिनं मडक्यावर परत वाळू लोटली आणि या जानेवारीच्या हंगामात माझं नाव घातलं.

माझी लेक आन्या दीड वर्षाची. जायचं म्हणून मी तिचं अंगावरचं दूध तोडलं. ती रडायची, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायचे. तिला सांभाळायला नागपूरहून सासूबाई आल्या आणि पार्कमध्ये भेटेल त्याला सांगत सुटल्या, “आमची रुचा इजिप्तची मढी उकराले चालली.”

“लेकराला टाकून?” एका काकूंनी विचारलंच.

“मग मी काय इथं मॉल पाहाले आली का?”

आणि डिसेंबरात माझ्या नवऱ्याची, सिद्धेशची, ऑफिसातली टीमच बंद झाली. दुसरी नोकरी लगेच मिळाली, देवाची कृपा, पण आमच्या दोघांच्या व्हिसाचे पेपर नव्यानं गेले.

“मी नाही म्हणतच नाहीये,” तो म्हणाला. “लॉयर म्हणतोय. पेपर पेंडिंग असताना बाहेर गेलीस तर परत यायला कॉन्सुलेटमध्ये जाऊन पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग लागेल. आणि अपॉइंटमेंटच्या डेट्स कुठेयत? टीममधल्या अरुणची बायको तशीच पुण्यात अडकून पडलीय, यार.”

“किती दिवस झाले?”

“आता मी विचारतच नाही त्याला.”

“त्या वकिलाले म्हण,” आतून सासूबाई ओरडल्या, “की मी तिकीट काढून आली आहे!”

आन्या इथंच जन्मलेली, तिचा पासपोर्ट अमेरिकन. ती जाऊ शकत होती. तिची आई नाही. सिद्धेशचं बरोबर होतं. वकिलाचंही बरोबर होतं. भांडायला माणूसच सापडेना. मी चिडून फ्रीज घासला, मग ओव्हन घासला. मोनाला कळवलं की या वर्षी जमत नाही, मडकं राहू दे, पुढच्या हंगामात येते.

जानेवारीत एका सकाळी आन्याला उपमा भरवत होते, तेवढ्यात मोनाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार झाली होती.

“शेजारच्या शेताला पाणी सोडलंय,” ती म्हणाली. “खालून ओल चढली. मडकं तळाशी मऊ पडलंय. बँडेज गुंडाळून कोठीत आणलंय, पण पुढच्या हंगामापर्यंत टिकणार नाही. मी उघडू?”

“मला विचारतेयस?”

“तुझं आहे म्हणून.”

नको, असंच म्हणायचं होतं मला. पण ओलं मडकं वाळायला लागलं की क्षार वर येतात आणि बाळाच्या हाडांचा भुगा होतो, हे मीच माझ्या प्रबंधात लिहिलं होतं.

“उघड,” मी म्हटलं. “पण उलटं करू नकोस. बाजूनं खापर काढ. माती चमच्यानं घे.”

तिनं फोन कशाला तरी टेकवून उभा केला. मी आन्याला सासूबाईंकडे दिलं आणि लॅपटॉपला नाक लावून बसले. मडक्याची कड दिसली, लिंपण दिसलं, लिंपणावर कुणाची तरी बोटं उमटलेली दिसली. मग मोना कामाला वाकली आणि पडदाभर तिचं कोपर आलं.

“मोना, कोपर!”

“सॉरी.” कोपर सरकलं. खापर निघाल्याचा आवाज आला आणि कोपर परत जागेवर.

“काही दिसतंय का?” सासूबाई मागून वाकल्या.

“बाईचं कोपर दिसतंय.”

“तिले म्हण, दुसऱ्या बाजूनं बस.”

“तिकडे भिंत आहे, आई!”

मोनाचा हात थांबला. तिनं चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, “आहे. कापडात गुंडाळलंय. गुडघे पोटाशी घेतलेत. रुचा, तू म्हणालीस तसंच आहे.”

“दाखव ना!”

“हात काढला तर कड ढासळेल. एक मिनिट.”

सासूबाईंनी तेवढ्या वेळात हात जोडले होते.

सिद्धेश कॉफीचा मग घेऊन आला, मागे उभा राहून ऐकत होता. “मिळालं? सही! बघ, झालं ना घरूनच.” तो खरोखर खूश होता.

“घरून झालं नाही,” मी म्हटलं. “तिनं केलं.”

“अगं, पण तूच तर सांगतेयस तिला...”

“सिद्धेश,” सासूबाई म्हणाल्या, “तू मीटिंगले जा बरं.”

तो गेला. पलीकडून मोनानं विचारलं, आता आधी डोकं मोकळं करू का पाय? मी सांगितलं, पाय; डोक्याखालची माती शेवटी काढ, आणि जरा उजवीकडे सरक. ती सरकली. मला कापडाचा तपकिरी तुकडा दिसला, त्याच्याखाली काहीतरी बारीक, पांढरट. मी पुढे झुकले. चमचा घ्यायला ती पुन्हा वाकली आणि कोपर पुन्हा मध्ये आलं.