तांबडी माती

विमंडच्या डाव्या बुटाच्या टाचेला चिखल लागला होता — ओला, तांबडा, अंगठ्याएवढा गोळा — आणि राजा बिछान्यात उठून बसला तो त्या चिखलाकडे बघतच. गडावर सगळीकडे काळा खडक. तांबडी माती सेव्हर्न नदीच्या पलीकडच्या तीराला, जिथे बंडखोर सरदारांचे तंबू पडले होते. विमंड वाकून चुलाणात लाकडं सारत होता, रोजच्यासारखाच. पण रोजच्यासारखं असणं हेच तर... ज्याला काही लपवायचं असतं तो मुद्दाम रोजच्यासारखा वागतो, हे मला कुणी शिकवायला नको.

"सकाळी कुठे गेला होतास?"

"घोड्यांना पाणी पाजायला, महाराज."

"अलीकडच्याच काठाला?"

लाकूड सारणारा हात थबकला. "मग आणखी कुठे जाणार?"

थबकला. राजाला एवढं पुरेसं होतं. बापाच्या घरी असल्यापासून हा माणूस त्याचे बूट काढत आला होता, तापात त्याच्या उशाशी बसला होता. पण सरदार ऑस्बर्टनंही एकदा त्याला खांद्यावर घेऊन भर लढाईतून ओढा पार केला होता, आणि त्याच ऑस्बर्टला पुढे मेजवानीत कुणाच्या तरी कानाशी पुटपुटून हसताना राजानं पाहिलं होतं. काय म्हणाला असेल? समुद्रापलीकडचा बापाचा मुलूख आपण घालवला, त्याबद्दल? सैनिक पाठीमागे 'गमावराजा' म्हणतात, तेच? त्यानं विचारलं नव्हतं. विचारलं की माणूस खोटं सांगतो. त्यानं नुसती ऑस्बर्टची जहागीर काढून घेतली, त्याला तळघरात टाकलं, आणि हिवाळ्यात ऑस्बर्ट तिथेच मेला. मग त्याचा भाऊ उठला, मग व्याही, मग लोकरीवर पुन्हा करपट्टी बसवली म्हणून गावंच्या गावं... आता तेच सगळे पलीकडे होते. म्हणजे माझा संशय खरा होता ना? होता ना?

त्यानं पहारेकऱ्यांना हाक मारली.

विमंडनं हातपाय झाडले नाहीत. बुरुजाकडे नेताना एवढंच म्हणाला, "दुपारचा काढा घ्यायला विसरू नका."

काढा! राजानं तो खिडकीतून ओतून दिला.

दुपारी जेवण घेऊन आल्डिथ आली — मुदपाकखान्यातली, विमंडची बायको. खारवलेल्या मासळीचं ताट तिनं आदळलंच.

"माझ्या नवऱ्याला कोंडलंत म्हणे."

"तो पलीकडे गेला होता."

"गेला होता तर! तुमच्याचसाठी गेला होता. मुकुट सोडलात तर जिवाला धक्का लावणार नाहीत, एखाद्या मठात ठेवतील, असं ऑस्बर्टच्या भावाकडून वदवून घेतलंय त्यानं. तुम्हाला सांगायला धीर गोळा करत होता बिचारा. आता तुमचं तुम्ही बघा. फाटकावर सगळी आमच्या गावची माणसं आहेत, ती त्याच्या शब्दाखातर थांबली होती. तुमच्या नव्हे."

राजानं ताट तिच्याकडे सरकवलं. "आधी तू खा."

ती हसली. ताटातल्या पावाचा तुकडा तोडून त्याच्या तोंडासमोर चावून चावून खाल्ला. "अहो, तुम्हाला विष घालायला वेळ कुणाला आहे इथे?"

ती गेल्यावरही तो जेवला नाही. मठ... फुकट कोण कशाला देईल? विमंडला त्यात काय मिळणार होतं? आणि हिला आजच सांगायचं कसं सुचलं? खाली अंगणात माणसं गाठोडी बांधत होती. कुणीतरी वर बघून ओरडलं, "गमावराजा, आता आम्हालाही गमावलंत बघा!" आणि बाकीचे हसले — मोकळं, पोट धरून. मग फाटकाबाहेरचा पूल खाली सोडताना साखळदंड खडखडले.

राजा स्वतः किल्ली घेऊन बुरुज चढला. विमंड कोठडीत वाळल्या गवतावर बसला होता.

"खरं सांग. मला विकलंस ना?"

"नाही म्हटलं तर पटेल तुम्हाला?"

हो म्हण — राजाला वाटलं, आणि त्या वाटण्यातली लाचारी त्याची त्यालाच दचकवून गेली. हो म्हण रे, एकदाच. तू हरामखोर निघालास तर मी सुटलो. पण तू नाही म्हणालास आणि ते खरं असलं, तर मग ऑस्बर्ट... तर मग सगळेच...

"त्या मेजवानीत," त्यानं विचारलं, "ऑस्बर्ट कशाला हसला होता? तू होतास ना तिथे?"

विमंडनं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. "कुठल्या मेजवानीत, महाराज? तो तर सारखाच हसायचा."

खाली टापा वाजल्या. जिन्यावर पावलं चढू लागली — किती जणांची, कुणाची... तो ओळखू पाहायचा नेहमी, पावलांवरून माणूस. आता तो विमंडशेजारी गवतावर टेकला, उघड्या दाराकडे पाठ करून, आणि ती पाठ त्याला विचित्र हलकी वाटली, दुसऱ्याच कुणाची असावी तशी.